वाटेसाठी राखलेलं औषध

आमच्या सूनबाईला गल्लीत ‘फुकट डॉक्टरीण’ म्हणतात. काही मायेनं, काही नाक मुरडून. मुलूख सोडून कागदपत्रांविना आलेल्या माणसांना ती आमच्याच पुढच्या खोलीत तपासते. माझ्या खाटेवरची चादर बदलली की झाला दवाखाना. मला पाठ टेकायची तर आधी पेशंट संपायला हवेत.

त्या दिवशी बांधकामावरचं एक जोडपं तान्ह्या पोरीला घेऊन आलं. परवाच तिला औषध दिलेलं. आता तर श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सूनबाईनं छाती तपासली आणि तिचा चेहरा उतरला.

“औषधानं उतार नाही, म्हणजे माझ्या हातात काही राहिलं नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता!”

बाप दाराकडे सरकला. “तिथं कागद मागतात, ताई. माझा भाऊ मोडलेला पाय घेऊन गेला, तिथूनच पोलिसांनी त्याला धरून नेलं.”

“मी येते सोबत.”

“तुम्ही याल आणि परत घरी जाल. आमचं काय?”

सूनबाईनं पुन्हा एकदा पोरीच्या छातीला नळी लावली.

“औषध किती उरलंय, दाखव बघू,” ती पोरीच्या आईला म्हणाली.

आईनं गाठोडं सोडलं. बाटलीचं सील तसंच, आत कोरडी पूड.

“अगं, पाजलंच नाहीस?”

“उद्या इथूनही हाकललं तर? वाटेत कुठं मिळणार? म्हणून तापाच्या औषधावर भागवलं.”

मला वाटलं, आता हिची खैर नाही. आमची सूनबाई दूध उतू गेलं तरी घर डोक्यावर घेते. पण तिनं कपाटातून तशीच दुसरी बाटली काढून आईच्या हातात ठेवली.

“ही वाटेची. पाणी घालू नकोस, कोरडीच टिकते. पहिली मात्र आता माझ्यासमोर पाजायची.”

मग इंजेक्शन दिलं आणि बापाला बजावलं, “संध्याकाळपर्यंत खड्डा कमी झाला नाही, तर मी हिला उचलून नेणार. तेव्हा भांडायचं नाही.”

आम्ही त्या चिमुकल्या छातीवर डोळे लावून बसलो. बाहेर गाडी थांबली की बाप ताडकन उठायचा.

“बस रे बाबा, दूधवाला आहे तो!” मी म्हटलं. हसलं कोणीच नाही. मीसुद्धा नाही.

दिवेलागणीला पोरगी आईच्या अंगावर प्यायला लागली. दमून सोडायची, पुन्हा धरायची. सूनबाईनं वाकून बरगड्या पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या.

“न्यायचं का?” बापानं विचारलं.

“आज नाही. उद्याचं उद्या बघू.”

तो मटकन खाली बसला, आणि दाराकडे त्यानं पाठ केली.