नव्या तांदळाचा भात आणि कुडाची भिंत

गेल्या महिन्यात शनिवार-रविवार कैनाडला राहून आलो. गाडी घरीच ठेवली. मेमू ट्रेनने डहाणू रोड, पुढे शेअर जीप आणि शेवटचा टप्पा पायी... दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे.

ही सगळी मुलीची आज्ञा. तिच्या भाषेत याला 'स्लो ट्रॅव्हल' म्हणतात. एसी नाही, प्लास्टिकची बाटली नाही, गावातल्यांच्या घरी मुक्काम आणि त्यांच्याच चुलीवरचं जेवण. मी म्हटलं, अगं, तलासरीच्या बाजारात वडे तळायचो तेव्हा मी असाच फिरायचो, फक्त त्याला तेव्हा कोणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं...

आता बोईसरला माझं केटरिंग आहे. सकाळी फिरायला जाणारा आमचा बारा जणांचा ग्रुप आहे, त्यांची सहल कुठे न्यायची ते बघायला मी पुढे गेलो होतो. घर सविताताईंचं. नवरा वापीला कंपनीत, घरी त्या आणि त्यांचे सासरे. पाहुण्यांसाठी दोन खोल्या यंदाच काढलेल्या. आमचा ग्रुप म्हणजे त्यांचा पहिला मोठा मुक्काम. तो आला तर खोल्या चालतील, नाहीतर ताईही वापीची वाट धरणार, हे त्यांनी चहा देतानाच हसत हसत सांगून टाकलं होतं.

घर झकास. शेणाने सारवलेल्या, कारवीच्या काड्यांच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, माठातलं गार पाणी. दुपारी पळसाच्या पत्रावळीवर नागलीची भाकर, उडदाची डाळ, सुकटीची चटणी... मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग भात आला आणि पहिल्याच घासाला कळलं, हा दुकानातला. तीस वर्षं भात शिजवतोय मी. ताईंनी फोनवर पाठवलेल्या माहितीत 'आमच्या शेतातलं तुमच्या ताटात' असं लिहिलं होतं, आणि अंगणात नव्या तांदळाची रास तर समोर दिसत होती.

जेवून आडवा झालो तर भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज. "नवा पाव्हण्यांना घालायचा नाय हां." ताई म्हणाल्या, "नाय घालत, बाबा."

माझे कान तिखट. त्यांच्याच जोरावर धंदा केला. पंगतीत कोण कुजबुजतंय, 'मीठ कमी आहे', ते मला भटारखान्यात ऐकू येतं. म्हटलं, कळलं. चांगलं ते घरात, दुकानातलं पाहुण्याला.

संध्याकाळी मुलीला फोन केला. "जागा छान आहे गं, पण हात आखडता. ग्रुप इथे नको." वर रात्रीच्या जेवणाला मुद्दाम विचारलं, "ताई, अंगणातला तांदूळ ताटात नाही दिसला?" ताई म्हणाल्या, "उद्या बघते, शेठ."

सकाळी जाग आली ती पलीकडच्या बोलण्याने.

"बाबा, मूठभरच शिजवते. एकट्या शेठपुरता. नायतर त्यांचा ग्रुप जाईल."

"शिजव. मग देवाला काय शेठचं उष्टं दाखवशील? पाड्याचं नवं झालं नाय अजून. मी तरी दाणा तोंडात टाकलाय का?"

थोड्या वेळाने सुपात तांदूळ ओतल्याचा आवाज आला...

मी अंथरुणात उठून बसलो. 'नवं' हा शब्द मी तलासरीत लहानपणापासून ऐकलेला. नवं पीक आधी देवाला आणि गेलेल्या माणसांना दाखवायचं, सगळ्या पाड्याने मिळून दिवस ठरवायचा, आणि तोवर घरातल्या कोणीही ते खायचं नाही. म्हणजे ताटातला दुकानातला भात फक्त मला नव्हता. ते दोघंही तोच खात होते! आणि माझ्या एका प्रश्नापायी ही बाई आता तो नेम मोडायला निघाली होती.

बनियनवरच बाहेर धावलो. "ताई, एक सांगायचं राहिलं. मला नवा तांदूळ चालत नाही. पोट धरतं. डॉक्टरांनी जुनाच खायला सांगितलाय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं.

"शेठ, कूड हाय ती. तुमाला आमचं ऐकू येतं, तसं आमाला तुमचं. काल मुलीशी डाक्टरचं काय बोलला नाय तुमी."

सासरे आधी हसले. मग त्या. मी कानाच्या पाळ्या धरल्या. विचारलं, "मग कालच सांगायचं ना, नवं झालं नाही म्हणून?" त्या म्हणाल्या, "आधीच्या पाव्हण्यांना सांगितलं, तर ते हसले."

ताईंनी सुपातला तांदूळ परत राशीवर ओतला. मी त्यांच्यासमोरच मुलीला फोन लावला आणि कालचं सगळं मागे घेतलं. ग्रुपची तारीख तेवढी मोकळी ठेवली... ती आता पाडा ठरवणार होता.

परवा ताईंचा फोन आला. "काका, नवं झालं. तुमची माणसं घेऊन या." शेठचा काका कधी झालो, कळलंच नाही.

केटरिंगवाला सगळ्यांच्या नंतर जेवतो. तीस वर्षं शेवटची पंगत उठल्यावर मी पान मांडून घेतलंय, कधी वाईट वाटलं नाही. आणि एक दिवस पाहुणा काय झालो, देवाच्याही आधी मला वाढा म्हणून बसलो होतो...

येत्या शनिवारी बारा जण जातोय. मेमूने.