तारांखालचा मोजा

आज गिटारची पेटी आवरताना बाबांचा लोकरीचा मोजा हाती आला.

जर्मनीत, ब्राउनश्वाइगला माझी पीएचडी चालू असताना ते राहायला आले होते. मी त्यांनी शिकवलेला तबला सोडून फ्लामेंको गिटार धरल्यापासून माझ्या वाजवण्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. रविवारी इथे आवाज केलेला चालत नाही, म्हणून तारा मुक्या करायला त्यांचाच जाड मोजा खाली कोंबून मी सराव करत होतो. लय वाढली की उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही एकमेकांत अडकायची.

“बोटं केवढी उचलतोस रे! तारेला धरून राहा,” बाबा अचानक म्हणाले आणि स्वतःच्या मांडीवर हलकेच तिरकिट वाजवू लागले. मी बोटं त्यांच्या लयीमागे सोडली. अडकली नाहीत.

बाबा आता नाहीत. आमची ती एकुलती एक जुगलबंदी खालच्या मजल्यावरसुद्धा ऐकू गेली नाही.