हीटरजवळचे उंदीर

संशोधनाच्या जगात माझ्या थोरल्या साडूंइतका अगत्यशील यजमान दुसरा झाला नसेल. मेंदूचा अभ्यास करणारे ते, डब्लिनमधल्या एका विद्यापीठात वर्षावर्षाच्या करारावर. बरोबरीचे लोक धडाधड निबंध छापत, ह्यांचा एखादा चार-चार वर्षांनी बाहेर पडे. पण जगात कुठेही कोणी स्वतःच्या निबंधात ह्यांच्या निबंधाचा दाखला दिला, म्हणजे सायटेशन आलं, की घरी पाहुणा आल्यासारखी धांदल उडे. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, चहा टाकी आणि साडू त्या अनोळखी माणसाला आभाराची ईमेल लिहायला बसत. तीत त्याच्या गावच्या हवेचीही चौकशी असे. ब्राझीलमधल्या एकाने तर ह्यांचं म्हणणं पटत नाही हे सांगायलाच दाखला दिला होता. "अहो, त्याने खोडून काढलंय तुम्हाला," ताई म्हणाली. "काढू दे की. घर शोधत आला ना?" साडू म्हणाले आणि त्यालाही लिहिलं. एका सहकाऱ्याची सायटेशन्स शेकड्यांनी होती. ती कोणाकोणाची आहेत हे साडूंनी सवडीने पाहिलं. "निम्मी पंगत घरच्याच माणसांची आहे रे," त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

त्यांचा एकच निबंध खऱ्या अर्थाने गाजला. नव्या पिंजऱ्यात ठेवलेल्या उंदराला जुना, सवयीचा वास मिळाला तर तो लवकर रुळतो, असं त्यात दाखवलं होतं. ह्या शोधावर साडूंचा इतका जीव होता की पुण्या-मुंबईहून नवीन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते गोड्या मसाल्याचा डबा खोलीत उघडा ठेवायला सांगत. "हसू नकोस, शास्त्रीय आधार आहे," असं वर बजावत. एका मुलीच्या आयरिश घरमालकिणीने त्या वासामुळे गॅस कंपनीला फोन केला, तरी साडूंचा विश्वास ढळला नाही.

मग लॉकडाऊन आला. ते डब्लिनच्या एका उपनगरात, क्लोनडॉकिनला, आम्ही दुसऱ्या, ओंगारला. अंतर काही फार नाही, पण पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी होती, त्यामुळे भेट फक्त व्हिडिओ कॉलवर. हिवाळ्यातल्या एका रविवारी ते पडद्यावर आले. प्रयोगशाळा बंद, म्हणून घरी बसून प्रयोगांचे जुने फोटो चाळत होते. घरातली सगळ्यात बरी जागा हीटरशेजारची, ताईने त्यांचं टेबल तिथेच लावून दिलेलं. तिथे बसल्या बसल्या एका फोटोत त्यांना दिसलं, की ज्या पिंजऱ्यांत सवयीचा वास ठेवला होता, त्यांच्या अगदी मागे हीटर होता. त्यांनी आकडे पुन्हा तपासले.

"उंदीर वासाने नाही रे रुळले, साडू," ते म्हणाले. "उबेने रुळले."

मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा दिसला. पुढच्याच महिन्यात कायमच्या नोकरीची मुलाखत होती आणि ती ह्या एका निबंधाच्या जोरावर होती. मी म्हटलं, "तेवढी मुलाखत होऊ द्या, मग निबंध मागे घ्या. एका महिन्याने काय बिघडतंय?"

"अरे, जेवणात काहीतरी पडलंय हे मला कळलंय, आणि लोक अजून जेवतायत."

त्याच आठवड्यात त्यांनी निबंध मागे घेतला. तेवढ्यावर थांबले नाहीत. आजवर ज्यांनी ज्यांनी दाखला दिला होता त्या सगळ्यांना एकेक ईमेल केली, ब्राझीलवाल्याला सुद्धा: तुमचं बरोबर होतं. बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. मुलाखतीत विभागप्रमुख फार सज्जनपणे वागले. दोन-तीनदा "यू आर ग्रँड", म्हणजे तिकडच्या बोलीत 'काही काळजी नको', असं म्हणाले आणि नोकरी दुसऱ्याला दिली. साडूंनी त्या दुसऱ्याला अभिनंदनाची ईमेल पाठवली.

त्या वसंतात सकाळी चहा घेता घेता त्यांचं हृदय बंद पडलं. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाकीची गल्ली आपापल्या फाटकापाशी मान खाली घालून उभी राहिली आणि गाडी त्यांच्यामधून हळू निघून गेली. मला अजून रविवारी फोनकडे हात न्यावासा वाटतो.

निबंध मागे घेतला तरी त्याच्या जुन्या प्रती फिरत राहतात. घाईतली माणसं वरचा 'मागे घेतला' हा शिक्का न बघता त्याचा दाखला देतात. साडूंच्या ईमेलवरची तशी सूचना आता ताईच्या फोनवर येते, ती मला कळवते, आणि हा निबंध आता धरू नका असं त्या माणसाला लिहायचं काम मी अंगावर घेतलंय. साडूंनी ते त्याच दिवशी केलं असतं. गेल्या वेळी ताई म्हणाली, "राहू द्या ना हो. तेवढंच कोणीतरी त्यांचं नाव घेतंय."

तेव्हापासून मी लिहायचं ते लिहून ठेवतो, पाठवायचं मात्र दोन-चार दिवस राहून जातं. तेवढे दिवस ताई कुठल्या तरी परक्या निबंधाच्या तळाशी, बारीक अक्षरात छापलेलं ते नाव उघडून बघत असते.