नखावरचा ठिपका

नखवाल्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख कित्येक वर्षे स्वतःच्या रंगाचे नव्हते. इमारतींच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या ज्या कार्यशाळेत त्यांची उमेदीची सारी वर्षे खर्ची पडली, तिथे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचा पहिला फवारा स्वतःच्या नखावर मारून पाहण्याची रीत होती. नख गुळगुळीत, फिकट आणि सदैव जवळ. त्यावर उमटलेला ठिपका पाहिला की रंग दाट राहिला की पातळ झाला, हवेचा दाब अधिक की उणा, हे एका नजरेत कळे. बाकीचे कारागीर सुट्टी होताच नख पुसून टाकत. हे मात्र तसेच घरी येत. त्यावरून पडलेले नाव त्यांनी पदवीसारखे मिरवले. बायकोलाही त्यामुळे दिवसभराची हकिकत विचारावी लागत नसे.

"आज झाडं वाटतं?" हिरवे नख पाहून ती म्हणे. करडे असले तर, "रस्ते! म्हणजे आज कंटाळा घेऊन आलात," असे म्हणत चहाचे आधण चढवी.

पुढे प्रतिकृती यंत्रातूनच रंगीत होऊन बाहेर पडू लागल्या आणि कार्यशाळेला रंगाऱ्यांची गरज उरली नाही. नखवाले आपला एअरब्रश आणि हवेचा छोटा कॉम्प्रेसर घेऊन घरी आले. फार पूर्वी बायकोला दिलेला एक शब्द पाळायला आता त्यांना सवड मिळाली होती.

तिचा थोरला भाऊ एका लहानशा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळत असे. एका फेरीवरून ते जहाज परतलेच नाही. माणसे मिळाली नाहीत, फळकुटही हाती लागले नाही. घरात उरला तो धक्क्याला लागलेल्या त्या जहाजाचा एक फोटो. त्यावरून, शब्द दिल्याप्रमाणे, नखवाल्यांनी हातभर लांबीचे जहाज घडवले. लाकडी पट्ट्या घासून पोट गोलाकार केले, तारेचे कठडे वळवले, धुराडे बसवले, पोटावर काळा रंग चढवला. राहिला होता फक्त गंज, आणि बायकोचा सारा जीव त्या गंजातच अडकला होता.

"दादा म्हणायचा, आमची म्हातारी रडकी आहे," फोटोत नांगराची साखळी जिथून बाहेर येते त्या भोकावर नखाचे टोक ठेवून ती सांगे. त्या डोळ्यासारख्या भोकाखाली गंजाचा एक लांब ओघळ उतरलेला होता. "हे पाणी हिच्या डोळ्यातून आलं पाहिजे. नाहीतर ते दुसरंच कुठलं तरी जहाज."

असा ओघळ कुंचल्याने काढता येत नाही. कुंचल्याच्या रेघेला काठ असतो, गंजाला काठ नसतो. वर गडद, खाली विरळ होत होत तो कुठे संपला हे डोळ्यालाही सांगता येऊ नये, असे काम एअरब्रशचेच.

पण त्याच सुमारास नखवाल्यांचा उजवा हात कापू लागला. सुरुवातीला कप बशीवर वाजे. तेव्हा त्यांनी बशा वापरणेच बंद केले आणि उगाच धुण्याचा व्याप वाढतो, असे कारण दिले. डॉक्टरचे नाव काढले की म्हणत, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मग एके दिवशी एअरब्रश साफ करताना त्याची लांब, बारीक सुई हातातून सुटून फरशीवर पडली. टोक वाकले. ती तशीच परत बसवण्याच्या खटाटोपात पुढची तोटीही चिरली.

"सुई जुनीच झाली होती," ते म्हणाले.

"हो, नाचता येईना अंगण वाकडं," बायको हसत म्हणाली. ते हसले नाहीत. मग तिनेही हसू आवरले आणि बराच वेळ ती त्यांच्या हाताकडे न पाहता बोलत राहिली.

नवा एअरब्रश घ्यायला दोघे मिळून गेले. कुलूपवाला आणि छत्रीवाला यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेले ते दुकान रंगांच्या बाटल्यांनी आणि न जोडलेल्या विमानांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरले होते. दुकानदार बोलका होता.

"काय रंगवायचंय, काका?"

"जहाज आहे. गंज चढवायचाय."

"घ्या! जग गंज उतरवायला जिवाचं रान करतं आणि तुम्ही चढवायला निघालात!"

त्याने काउंटरवर फडके अंथरून दोन एअरब्रश ठेवले. एकाला पिस्तुलासारखी मूठ होती. मुठीत धरून साऱ्या बोटांनी मिळून चाप ओढायचा. दुसरा लेखणीसारखा सडपातळ, केसाएवढ्या सुईचा. त्याच्या पाठीवरचा चाप तर्जनीने दाबला की हवा सुटे आणि दाबलेलाच मागे ओढला की रंग. किती ओढला यावर रेघेची जाडी ठरे. एकाच बोटाच्या टोकावर सारा कारभार. नखवाल्यांचा जुना एअरब्रश याच जातीचा, पण सुईने जाड होता.

त्यांचा हात फडक्यावर टेकेपर्यंत दुकानदाराने तो कापताना पाहिला असावा, कारण त्याने पिस्तुलवाला पुढे सरकवला. "हा न्या. हाताला आराम पडतो."

"कुंड्यांना पाणी मारायचं असतं तर नेला असता."

"मग न्या की," बायको म्हणाली. "कुंड्याही आहेत आपल्याकडे."

"तू थांब गं जरा." त्यांनी सडपातळ एअरब्रश उचलला. दुकानदाराने त्यात रंगाचे दोन थेंब घातले आणि पलीकडच्या भिंतीवर टाचलेल्या कागदाकडे बोट दाखवले. "तिथे एक उभी रेघ ओढून बघा, काका. सगळे तिथेच बघतात."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" नखवाल्यांनी डावा अंगठा वर केला, उजव्या हाताची करंगळी सवयीने डाव्या मनगटावर टेकवली आणि चाप किंचित मागे घेतला. नखावर मोहरीहून बारीक, वाटोळा ठिपका उमटला. शेजारी दुसरा, त्याहून बारीक. बायकोने कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जुनी ऐट पाहिली.

"अहो, कागदावरही मारा ना एकदा. काय बिघडतंय?"

"जन्मभर नखावर पाहत आलोय. आता कागदाची साक्ष काढू?"

दुकानदार घुटमळला. "वापरलेला माल परत घेता येत नाही, काका. म्हणून म्हटलं."

"परत कोण करतंय? बांधा."

घरी आल्यावर बायकोने खिडकीजवळचे टेबल पुसले, जहाज त्याच्या लाकडी घोडीवर बसवले आणि फोटो समोर उभा केला. नखवाल्यांनी रंग कालवला, वस्त्रगाळ केला, नखावर ठिपका मारला. ठिपका नेटका होता. मग त्यांनी एअरब्रश नांगराच्या भोकाखाली नेला.

तिथे डाव्या हाताला काही काम नव्हते. तो टेबलाच्या कडेवर पडून राहिला आणि उजवा हात एकटाच हवेत उरला. फवारा सुटला तो नागमोडी. तर्जनीने हिसका दिला, रंगाचा लोंढा आला आणि हवेच्या झोताने तो कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पसरवला. त्यांनी घाईने तो भाग पुसला. गंजाबरोबर काळा रंगही निघाला आणि खालचे पांढरे अस्तर उघडे पडले. दुसऱ्यांदा हात आणखी भरकटला.

ते थांबले. नखावर पुन्हा एक ठिपका मारला. वाटोळा, नेटका, दुकानातल्यासारखाच. तेव्हा त्यांच्या लक्षात आले. नखावर फवारताना त्यांचे दोन्ही हात एकमेकांना टेकलेले असत. कापले तरी जोडीने कापत, म्हणून ठिपका हलत नसे. जन्मभर ज्या साक्षीदारावर विसंबले, तो त्यांच्याच अंगाचा होता.

बायको मागे उभी होती. "मी मनगट धरू?"

तिने दोन्ही हातांनी त्यांचे मनगट धरले. फवारा सुटला, पुन्हा वाकडा गेला.

"आता कोण कापतंय?" त्यांनी विचारले.

"मीच असेन," ती म्हणाली.

त्यांनी एअरब्रश खाली ठेवला. थोड्या वेळाने तिने चाचरत विचारले, "तो मुठीचा आणू या का?"

"मूठ बदलेल गं. हात तोच राहील."

तिने घोडीसकट जहाज उचलून फळीवर ठेवले आणि बिघडलेली बाजू भिंतीकडे केली. दुसऱ्या बाजूला अजून गंजाचा थेंबही लागला नव्हता. काळे पोट उजेडात लखलखत होते.

"म्हातारी नाही वाटत," ती म्हणाली.

"नवंकोरं आहे ते. गंज नाही ना."

"हं. अजून कारखान्यातून पाण्यात उतरायचंय. दादाने बघितलंसुद्धा नसेल हिला." तिने टेबलावरचा फोटो उचलला, जहाजाशेजारी धरून पाहिला आणि कपाटात कपड्यांखाली परत ठेवून दिला.

नखवाल्यांनी एअरब्रशची सुई काढून धुतली, पुसली, डबीत घातली. या वेळी ती त्यांच्या हातातून पडली नाही, कारण ती त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. बायको चहा घेऊन आली. कपाखाली बशी होती. कप वाजला.

रिवाजाप्रमाणे तिची नजर त्यांच्या अंगठ्याकडे गेली. विटकरी ठिपके तिथे तसेच होते. नखवाल्यांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि ते नख पुसू लागले. आधी विटकरी गेला. मग कोपऱ्यात कधीची साचलेली करडी रेघ, तिच्याखालून हिरवी. नख स्वतःच्या रंगाचे होईपर्यंत ते पुसत राहिले. ते पिवळट होते, त्यावर उभ्या रेषा होत्या, आणि बायकोने ते असे पहिल्यांदाच पाहिले.