कमलताईची तणसाची खोली

माझ्या थोरल्या बहिणीनं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. गेल्या दिवाळीत कमलताई म्हणाली, "मंदा, बागेत मले एक खोली बांधून दे वं. लहानशीच."

मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. गवंडीकामाचा गंध नाही. पण तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गठ्ठ्यांचं घर कसं बांधतात, हे एका शिबिरात दोन दिवस शिकून आले होते आणि तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत होते. आता माघार कशी घेणार? फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा टाकली.

नागपूरहून पारशिवनीची एसटी. तर्री-पोहे खाऊनच बसा. कामठी, कन्हान करत दीडेक तास, पुढं ताईच्या गावापर्यंत ऑटो. या दिवसांत धान निघून गेलेलं असतं, बांधावर तणसाचे ढीग असतात. मशीननं बांधलेला गठ्ठा पन्नासेक रुपयांत मिळाला. उचलून बघायचा, जड लागला तर ओला समजायचा आणि सोडून द्यायचा.

पहिल्याच दिवशी भाचा नितीन म्हणाला, "माय, घरात चार खोल्या आहेत. हे काहून?"

ताई पेरूजवळ दोरी ताणून जागा आखत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या चारही खोल्यांत तुमी आहा ना."

तो हसून शेतावर गेला.

गावातल्या गवंड्यानं तीन दिवसांत गुडघाभर दगडी जोतं बांधून दिलं. मग खांब उभे राहिले. टिनाचे पत्रे मात्र येईनात. आधी छप्पर, मग भिंती, हा शिबिरातला पहिला धडा. पण रजा संपत चालली होती. "ताडपत्री टाकू," मी म्हटलं. विटांसारखे सांधे चुकवत आम्ही गठ्ठे रचले, त्यांतून बांबूच्या खुंट्या ठोकल्या. सहासष्ट वर्षांची ताई फटींत तणस कोंबत होती आणि मधूनच, कारण नसताना, हसत होती.

सातव्या दिवशी दुपारी वारा सुटला. ताडपत्री शेजारच्या तुरीत जाऊन पडली आणि अर्धा तास अवकाळी पाऊस झाला.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. "वरवरच भिजलंय, वाळेल," म्हणत मी लिंपायच्या मातीला पाणी घालायला निघाले. ताईनं दोन गठ्ठ्यांमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

"आत ओलं आहे, मंदा."

"आता उघडलं तर माझ्या रजेत होणार नाही."

"मंग नको होऊ दे. सडक्या भिंतीत मले नाही बसायचं."

मला राग आला. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला. मी विहिरीपाशी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं परतले, तर ताई शिडीवर उभी राहून गठ्ठे काढत होती आणि खालून नितीन ते झेलत होता. "उतर माय, मी काढतो," तो म्हणत होता. मीही त्याच्या शेजारी उभी राहून गठ्ठे झेलू लागले. दोन भिंती मोडल्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतः ट्रॅक्टरवर पत्रे घेऊन आला.

मी रजा वाढवून घेतली. छपराखाली कोरड्या गठ्ठ्यांच्या भिंती पुन्हा चढल्या. माती, शेण आणि बारीक चिरलेलं तणस कालवून लिंपायचं काम आलं, तेव्हा शिकवणारी ताई झाली. "एवढं पातळ काहून? भाकरीच्या पिठावानी पाहिजे." माझा थर दोनदा खाली आला, तिचा एकदाही नाही.

निघायच्या दिवशी खोलीला जुनं दार बसलं. आत खाट टाकली. ताई आत गेली, मागोमाग मी.

"तू कुठं आली? जाय, मी जरा बसतो," ती म्हणाली आणि आतून कडी लावली.

मी आणि नितीन उन्हात बंद दाराकडे बघत राहिलो. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, मायले कडी लावताना मी आज पह्यल्यांदा पाह्यलं."

नागपूरला परतून महिना होत आला. तुम्ही बांधणार असाल तर छपराआधी भिंती उचलू नका, एवढं सांगेन. हातांच्या भेगा भरल्या. शिबिराबद्दल मी आता कमी बोलते. दुपारी ताई फोन उचलत नाही. पूर्वी लगेच नितीनला फोन लावून चौकशी केली असती. आता ऊन उतरेपर्यंत थांबते.