उतावळा हात

“थांब भाऊ, आज हात उतावळा शे,” असं म्हणून आप्पा उजवा हात डाव्या काखेत दाबून धरायचे आणि ओसरीवर येरझारा घालायचे. समोर चटईवर कोरा कागद, त्याच्यावर चार कोपऱ्यांना चार गोटे. दहा-बारा फेऱ्या झाल्या की खाली बसायचे, कुंचला उचलायचे, परत ठेवायचे आणि परत उठायचे. बघणाऱ्याला कंटाळा येईल, पण मला कधी आला नाही. शांत बसून करायची म्हणून जगभर नावाजलेली कला इतक्या अस्वस्थपणे करणारा दुसरा माणूस तुम्हालाही भेटला नसेल.

आप्पा आमच्या मोजणी खात्याच्या नंदुरबारच्या ऑफिसात ट्रेसर होते. जुना नकाशा खाली, त्याच्यावर पातळ मेणकापड आणि त्याच्यावर शाईनं रेघ न् रेघ उतरवायची, हे त्यांचं काम. मी नवा भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा माझ्या मोजणीतली चूक ते नुसत्या डोळ्यांनी पकडायचे. नंतर नकाशे संगणकावर गेले, आप्पा निवृत्त झाले आणि हात रिकामा पडला. चहाच्या टपरीवर बसलं तरी बोट चहात बुडवून ते टेबलावर कुणाच्या तरी शेताची हद्द काढत बसायचे. टपरीवाला फडकं मारायचा आणि अख्खा गट नंबर पुसून जायचा.

मुलानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि त्यात त्यांना एक जपानी म्हातारा सापडला. गुडघ्यांवर बसून, एका काळ्या शाईनं, एका फटक्यात बांबू काढणारा. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, एकदा रेघ पडली की पडली.

“हाई म्हातारा काय बोली ऱ्हायना, माले काही समजत नही,” आप्पा म्हणाले. “बरंच शे. नुसता हात दिखस.”

नंदुरबारात जपानी शाई कुठून मिळणार? त्यांनी ती घरी केली. तिळाच्या तेलाचा दिवा, वर पालथी वाटी, वाटीला धरलेली काजळी. ती धावड्याच्या डिंकात खलायची, वड्या वाळवायच्या आणि पाण्याचा थेंब टाकून घासायच्या. घासायला लागतो दगड, म्हणून त्यांनी देवघरातली गंधाची सहाण उचलून आणली. त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, त्या दिवसापासून एकच घोष होता, “देवनी सहाण यास्नी काळी करी टाकी.” पण कागद दाबायला गोटे काकूंनीच आणून दिले होते, हेही सांगायला हवं.

अडचणी त्यांच्यापुढे दोन होत्या. पहिली मिरचीची. हिवाळ्यात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडते आणि वारा फिरला की सगळं गाव शिंकतं. आप्पा श्वास रोखून कुंचला टेकवणार आणि नेमका ठसका लागणार. बांबूला मध्येच गुडघा फुटायचा. “जपानमा मिरची नसावी,” असं म्हणून ते कागद फाडायचे.

दुसरी अडचण त्यांच्या हाताची. चित्र पुरं होत आलं की हात आपोआप वरच्या कोपऱ्यात जायचा आणि उत्तर दिशेचा बाण काढायचा. तीस वर्षांची सवय. मी एकदा न राहवून विचारलं, “आप्पा, कमळाला उत्तर दिशा?” त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागद फाडला. त्या जपानी म्हाताऱ्याच्या चित्रात नदी असली तर पाणी काढलेलंच नसतं, कागद कोरा सोडलेला असतो. आप्पांना तेही जमत नव्हतं. नकाशात कोरी जागा सोडली की साहेब विचारायचे, ही कोणाची? त्यामुळे कोरं दिसलं की ते कासावीस व्हायचे आणि तिथं काहीतरी भरायचे.

असे शेकड्यांनी कागद फाटले. मला ते बघून वाईट वाटायचं आणि थोडा रागही यायचा. या माणसाला नक्की काय काढायचंय, हे त्यालाच ठाऊक नाही असं मला वाटत होतं.

धावड्याचा डिंक त्यांना बाजारातली पावरा जमातीची एक म्हातारी द्यायची. तिचं गाव नर्मदेच्या काठचं, सातपुड्यातलं. ते धरणाच्या पाण्यात गेलं आणि तिला खाली तळोद्याकडे जमीन मिळाली. वर राहिलेले भाऊबंद डिंक आणून देत, ती तो विकायला बाजारात बसायची. एकदा तिनं विचारलं, “एवढ्या डिंकाचं तू काय करतो?” पहाडातली माणसं कुणालाही तूच म्हणतात. आप्पांनी सांगितलं, शाई करतो, चित्रं काढतो.

“मग माझं गाव काढ.”

आप्पांनी गावाचं आणि तिच्या घरधन्याचं नाव विचारलं. दोन्ही नावं ओळखीची निघाली. पाणी येण्याआधी त्या गावाची मोजणी झाली तेव्हा माणसं कमी पडली म्हणून ट्रेसर असूनही ते टोळीबरोबर डोंगर चढून गेले होते.

“मी बघितलंय तुझं गाव,” ते म्हणाले.

“बघितलं तर काढ. होळीआधी दे. होळीला आमचे सगळे जमतात. पोरांनी ते गाव बघितलं नाही.”

त्या दिवसापासून आप्पांची झोप, जेवण, सगळं बिघडलं. मी गेलो की ओसरीवर फाटलेल्या कागदांचा ढीग असायचा. मी म्हटलं, जुन्या नकाशाची प्रत काढून आणतो. ते माझ्यावर एकदम खेकसले.

“नकाशा नको. नकाशा माले पाठ शे. तिनं घर म्हणजे एक चौकोन आनि एक आकडा. आकडासुद्धा आठवस. घर आठवत नही.” मग थोड्या वेळानं, आवाज उतरवून म्हणाले, “तिना घरनं पानी पिनू मी. पितळी लोट्यामा. दुपारभर तठे बसनू. आनि माले तिनं दार आठवत नही.”

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतके दिवस कशासाठी येरझारा घालत होता. जन्मभर लोकांची घरं काढली आणि एकही बघितलं नाही, ही ती टोचणी होती. मला स्वतःचीच लाज वाटली. मीही तेच काम करतो.

होळी चार दिवसांवर आली तेव्हा म्हातारी पत्ता विचारत घरीच आली. मी तिथंच होतो. आप्पांकडे द्यायला काही नव्हतं. ते ओशाळे होऊन म्हणाले, “बस, आत्ता काढतो.” ती चटईशेजारी उकिडवी बसली. तिनं सहाणेतल्या शाईत बोट घातलं, दोन बोटांत चोळून बघितलं. “माझा डिंक,” ती म्हणाली.

आप्पांनी हात काखेत दाबला नाही. फेऱ्याही मारल्या नाहीत. कागदाच्या वरच्या बाजूला डोंगराची एक लांब रेघ ओढली, कुठं जाड, कुठं सुकत गेलेली. मग खाली घर काढायला कुंचला आणला आणि तो तसाच कागदावर अधांतरी राहिला. मला वाटलं आता भरतील काहीतरी. भरलं नाही. हात कोपऱ्यात गेला आणि त्यानं बाण काढला.

आप्पांनी कागद फाडायला उचललाच होता. म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं.

“हे काय आहे?”

“उत्तर दिशा. म्हणजे नर्मदा इकडं.” आणि बोलता बोलता ते थांबले. बाणाचं टोक खाली होतं. नकाशात उत्तर नेहमी वर. जन्मात त्यांनी एकही बाण खाली तोंड करून काढला नव्हता.

“बरोबर,” म्हातारी म्हणाली. “डोंगर वर, नर्मदा खाली.” तिनं कागद परत चटईवर ठेवला आणि शाईचं बोट कोऱ्या जागेवरून हळू फिरवलं. “इथं नाला. इथं मोहाचं झाड. इथं माझं घर.” आणि बोट टेकवलं. बोटाचा काळा ठसा उठला.

आप्पांनी वाकून तो ठसा बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी नदीकडे पाठ करीसन बसेल व्हतू, तोंड डोंगरकडे.” ती निघाली तेव्हा त्यांनी कागद स्वतः गुंडाळून दिला. पैसे विचारले तिनं, तर तिच्याकडून मूठभर डिंक घेतला.

त्यानंतर आप्पांनी कागद फाडणं सोडलं असं म्हटलं तर खोटं होईल. फाडतच राहिले. श्रावणात गेले, एकाएकी. काकूंनी सहाण घासघासून धुतली, ती काही पांढरी झाली नाही. आता देवाला गंध दुसऱ्या सहाणेवर उगाळतात आणि ही तिच्या शेजारी ठेवलेली असते.

मागच्या महिन्यात मोजणीसाठी तळोद्याकडे गेलो होतो. म्हातारीचं घर शोधत गेलो. चित्र भिंतीवर होतं, पण मी ते आधी ओळखलंच नाही. कोरी जागा उरली नव्हती. डोंगराखाली सगळीकडे काळ्या बोटांचे ठसे, कुठं तीन-चार जवळजवळ, कुठं एकटाच. होळीला सगळे जमले होते, चुलीच्या काजळीत बोट बुडवून जो तो आपलं घर दाखवून गेला होता.

“तुझा साहेब नाही आला?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं मला पाणी दिलं आणि खाली बसली. मी पाणी पिता पिता चित्र बघत राहिलो. तिच्या ठशाच्या जरा खाली, बाण दाखवतो त्या नदीच्या बाजूला, एक ठसा बाकीच्यांपेक्षा फिका होता.

“हे कोणाचं घर?”

“घर नाही,” ती म्हणाली. “तुझा साहेब तिथं बसला होता. लोटाभर पाणी पिला.”