भागाबाईचं खापर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर पाचोऱ्यात बातमी उठली की भागाबाई पुरणाच्या मांड्यात मंत्र घालते. पुरणात नाही, तुपात नाही, थेट पिठात. पिठावर उजवा हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, ‘कोनी कच्चं राहू नये.’ कच्चं म्हणजे कोण? जो अजून ख्रिस्ती झाला नाही तो. मांडा पोटात गेला की माणूस पक्का.

पिठाच्या गिरणीचा पंडित ही बातमी पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगायचा आणि शेवटी हात झटकायचा, “माले काय मालूम भो, मी तं फक्त दयन दयस.” कोपऱ्यावरची सुंदरबाई तीच बातमी कानात सांगायची, पण अशी की रस्त्यापलीकडच्याचाही कान भरावा. “माय वं, मनी सूननी मांगला साल दोन खादात. आते काय व्हई?”

काही झालं नव्हतं. सून ठणठणीत होती आणि सासूशी पूर्वीइतकीच भांडत होती.

खरं एवढंच की भागाबाई ख्रिस्ती आहे, पिठावर हात ठेवते आणि डोळेही मिटते. मनात म्हणते, ‘प्रभू, हात भाजू देऊ नको, मांडा फाटू देऊ नको, कोनाच ताटमा कच्चं जाऊ देऊ नको.’ कच्चं म्हणजे कच्चंच. ज्यानं पोट दुखतं ते.

नवरा योहान रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर घरोघरी मांडे करून पोट भरायला भागाबाईनं आईचं खापर माळ्यावरून उतरवलं. खापर म्हणजे चुलीवर उपडं घालायचं मातीचं भांडं. तिचं तर दोन पिढ्यांचं तेल पिऊन काळंभोर झालेलं, मांडा त्याला कधी चिकटायचा नाही. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायची आणि खापरावर असा अंथरायची, जणू झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालते आहे.

चर्चमध्ये उपदेशक दर रविवारी लांब सूर लावत, “तुमचे काऽऽम, हीच प्रभूची सेऽऽवा.” माणसं माना डोलवत आणि सोमवारी दुकानात जाऊन काटा मारत. भागाबाईनं मात्र ते वाक्य घरी आणलं होतं. शालिग्राम नाना पाटलांच्या वाड्यावरचं प्रत्येक ताट देवानं आपल्या हाती सोपवलं आहे, अशी तिची सरळ समजूत. नानांकडे आखाजीला लेकी माहेरी यायच्या, झोके बांधले जायचे आणि मांडे भागाबाईचेच असायचे. त्या घरची चूल हे तिचं वर्षाचं नाव होतं. तिथं बोलावणं आलं की बाकीचं गाव मागोमाग यायचं.

आणि चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायची ती मोहिनी. नवऱ्याचं वरणगावचं कंत्राटी काम संपलं तेव्हा रडत आली होती. मोहिनीचा आवाज पाकात बुडवलेला. “अक्का, तुमच्याशिवाय मला आहे कोण?” भागाबाईनं तिला चुलीपाशी बसवलं, गोळा धरायला शिकवलं, प्रत्येक घरी सोबत नेलं. एकदा मोहिनीनं विचारलं, “अक्का, डोळे मिटून काय म्हणता हो?” जे भागाबाईनं योहानलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, ते तिनं मोहिनीला सांगितलं. शब्दन्‌शब्द.

यंदा बोलावण्याऐवजी नानांचा मुलगा भूपेंद्र आला. तालुका कचेरीत नोकरीला, त्यामुळे नाही म्हणायलाही त्याला प्रस्तावना लागते. “काकू, तसा आमचा कुणाचाच काही आक्षेप नाही. पण घरातल्या बायकांचं म्हणणं असं पडलं की, या वर्षापुरतं…”

“काय म्हनतस त्या?”

“ते ‘कच्चं’ वगैरे म्हणता ना तुम्ही. त्याचं.”

भागाबाईचा हात पिठातच थांबला. मंत्राचं कुभांड कुणीही रचलं असतं. पण हा शब्द तिनं गावात एकाच माणसाला सांगितला होता.

तिनं भूपेंद्रला प्रार्थना मोठ्यानं म्हणून दाखवली. तो हसला, अगदी मोकळा हसला. “एवढंच? काकू, आम्ही कुठल्या कुठं नेलं.” मग चपला घालता घालता म्हणाला, “पण आता ठरलंय हो. मोहिनीकाकू येणारेत. त्या म्हणाल्या, मी नाही तसलं काही करत.”

काम गेलं त्याचं दुःख होतंच. पण ‘मी नाही तसलं काही करत’ हे भागाबाईला जास्त लागलं. दर रविवारी शेजारी गुडघे टेकणारी बाई, एका चुलीसाठी, देवाला ओळखतच नाही म्हणाली. बायबलात शिष्यानं प्रभूला नाकारलं तेव्हा कोंबडं आरवलं होतं, इथं तेवढंच राहिलं होतं.

रविवारी मोहिनी नेहमीच्या जागी बसली. भागाबाई तिच्या शेजारीच बसली, पण गाण्याचं पुस्तक दोघींत धरलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मोहिनी गल्लीत वळताना दिसली. तिनं नवीन आणलेलं खापर पहिल्याच आगीत तडकलं होतं, हे आधीच गावभर झालेलं. म्हणजे काय मागायला येते आहे ते उघड होतं. मी भागाबाईच्या शेजारचा, गावभर नकला करत फिरणारा; तिच्या ओट्यावर बसून मी पैज लावली, “अक्का, तू काही खापर देणार नाहीस. दिलंस तर मोहिनीकाकूचा आवाज काढणं मी जन्मभर बंद.” माझ्या सगळ्या नकलांत तीच सर्वांत झकास होती. भागाबाई म्हणाली, “लाव.”

“अक्का,” मोहिनी दारातूनच पाघळली, “तुम्ही मनाला लावून नका घेऊ हं. लोकच काहीच्या बाही बोलतात. एवढं खापर…”

एकीकडे खापर फोडायचं आणि दुसरीकडे खापर मागायचं, हे एकाच तोंडाला जमतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

भागाबाई उठली. खापर चुलीवरून काढलं, पदरानं पुसलं, फार वेळ पुसलं.

“नानान्या लेकी येतीन,” ती म्हणाली. “त्यासनी काय बिघाडं मनं?” आणि खापर मोहिनीच्या हातात दिलं. “मांडा कच्चा ठेवजो नको. बाकी बठ्ठं तुले पाठच शे.”

मोहिनीच्या आवाजातला पाक तेवढ्यात आटला. “येते,” एवढंच म्हणून ती खापर घेऊन गेली.

मी विचारलं, “माफ केलंस तिला?”

“नही,” भागाबाई म्हणाली. “प्रभूले सांगेल शे, थोडा थांब.”

आखाजीला तिच्या घरी चूल पेटली नाही. खापर अजून परत आलेलं नाही. आणि मोहिनीचा आवाज मी तोंडानं काढत नाही, पैज हरलो आहे. लिहून काढायचा नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.